तांदुळजा म्हणू की पोकळा? माठाच्या घराण्याची ओळख

(सामुदायिक रेडिओवरील दुपारच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

जेवणं उरकून, भांडी घासून आता घटकाभर रेडिओपाशी बसला असाल. आज बोलायचं आहे ते तुमच्या माझ्या रोजच्या पालेभाजीबद्दल. सुरुवात मात्र माझ्या चुकीपासून करते.

मागच्या वेळी मी चवळीच्या पाल्याची मूगडाळ घालून भाजी सांगितली होती. कार्यक्रम संपला आणि फोन सुरू झाले. एका वाडीवरच्या ताई म्हणाल्या, "अहो, शेंगेच्या चवळीचा पाला खुडून भाजी केली, चांगली झाली, पण तुम्ही म्हणालात तशी मऊ काही झाली नाही." दुसऱ्या एकीनं विचारलं, "तुम्ही चवळी म्हणालात ती बाजारात जुडी मिळते ती ना? आमच्याकडे तिला तांदुळजा म्हणतात." तिसरीचं म्हणणं, "तांदुळजा वेगळा, चवळई वेगळी." आणि चौथ्या आजी तर ठाम होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, तो पोकळा आहे."

चार बायका, एक जुडी आणि नावं चार. मला सांगायची होती ती चवळई. मुंबईच्या बाजारात 'चवळी' म्हटलं की पुष्कळदा हीच जुडी हातात येते, आणि माझ्या तोंडीही तेच नाव बसलेलं. शेंगेच्या चवळीचा पालाही खातात, त्यामुळे त्या ताईंचं काही बिघडलं नाही. पण त्या रात्री मला झोप येईना, कारण अशाच नावांच्या घोळानं आमच्या घरी एकदा चांगलाच त्रास झाला होता. तोही सांगते.

माझ्या सासूबाईंना मुतखड्याचा त्रास होता. एकदा खडा पडला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "पालक बंद करा." आम्ही पालक बंद केला. घरात पालकाची काडी येऊ दिली नाही. पण पालेभाजीशिवाय सासूबाईंना जेवण जाईना, म्हणून मी आलटून पालटून तांदुळजा, राजगिऱ्याचा पाला, चाकवत, लाल माठ करायला लागले. वाटलं, पथ्यही पाळलं आणि पालेभाजीही पोटात गेली. वर्षभरानं पुन्हा कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी यावेळी नीट विचारलं, "रोज काय काय खाता?" मी कौतुकानं यादी सांगितली. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "पालक सोडलात आणि त्याचा सगळा गोतावळा घरी आणलात!"

खडा त्या भाज्यांमुळेच झाला असं मी म्हणत नाही. सासूबाई पाणीही कमी प्यायच्या, आणि खडा होण्याला कारणं बरीच असतात. पण मला एक गोष्ट कळली. मी नावं पाठ केली होती, झाडं ओळखत नव्हते. कोण कोणाच्या घरचं हे ठाऊक असतं, तर ते पथ्य मला नीट पाळता आलं असतं.

घराणं एक, नावं अनेक

माठ, लाल माठ, तांदुळजा, चवळई, पोकळा, राजगिरा, काटेमाठ ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं. शास्त्रज्ञ या घराण्याला अमरँथस म्हणतात. त्याचा मूळ ग्रीक अर्थ 'न कोमेजणारं'. याची फुलं वाळली तरी रंग धरून राहतात, म्हणून हे नाव. जगभर या घराण्याच्या सत्तरच्या आसपास जाती आहेत. आपल्या ताटात येतात त्या पाच-सहाच.

यांचं चुलत घराणंही मोठं आहे. कुर्डू, आघाडा, कुंजर हे त्यातलेच. पालक, बीट, चाकवत यांनाही आता शास्त्रज्ञ याच मोठ्या कुळात धरतात. डॉक्टर गोतावळा म्हणाले तो हा.

आता नावांचा घोळ का होतो ते पाहू. नाव गावानं ठेवलेलं असतं. संस्कृतात 'तण्डुलीय' आणि 'मारिष' अशी दोन जुनी नावं आहेत. तण्डुलीयवरून आपला तांदुळजा आला. हिंदीत चौलाई, विदर्भात चवळई. गोव्यात लाल माठाला सरळ तांबडी भाजी म्हणतात आणि ओलं खोबरं घालून करतात. माझं माहेर कोकणातलं. आमच्याकडे हिरवा असो की लाल, सगळा माठच. लग्न होऊन देशावर आले. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "बांधावरचा पोकळा उपटून आण गं." मी बांधावर उभी राहून अर्धा तास पोकळा कोणता ते शोधत होते. शेवटी ओंजळभर पाला घेऊन आले, त्यात निम्मा काटेमाठ. सासूबाई हसल्या, पण बोटांत काटे माझ्या गेले.

म्हणजे एकाच झाडाला दहा नावं असतात, आणि एकाच नावाखाली दोन-तीन झाडंही असतात. पोकळा आणि तांदुळजा ही नावं तर दर वीस कोसांवर झाड बदलतात. तेव्हा "खरा पोकळा कोणता?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. तुमच्या गावचा पोकळा तुमच्यासाठी खराच.

याचं वाईट वाटून घेऊ नका. मोठमोठे शास्त्रज्ञही इथे फसले आहेत. वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची आजची पद्धत ज्यांनी रूढ केली ते लिनियस स्वीडनचे. त्यांनी 1753 साली माठाला नाव दिलं अमरँथस ट्रायकलर, म्हणजे तिरंगी. त्याशिवाय 'गंगेकाठचा', 'उदास', 'खिन्न' अशा अर्थांच्या नावांनी आणखी जाती नोंदवल्या. पुढच्या अभ्यासकांनी तपासून पाहिलं तर ती सगळी माठाचीच निरनिराळी रूपं निघाली. एका माठाला एवढी नावं देऊन बसलेले ते विद्वान, तर आपल्या चार बायकांचं काय घेऊन बसलात!

जुडी हातात घेतल्यावर काय पाहायचं?

नाव विसरा आणि झाड पाहा. पाच गोष्टी सांगते. बोटांवर मोजा.

पहिली, पान कसं लागलंय. माठाच्या घराण्यात देठावर एका जागी एकच पान येतं. एक डावीकडे, मग थोडं वर एक उजवीकडे. समोरासमोर जोडीनं पानं आली असतील तर ते माठाचं घराणं नाही. आघाड्याची पानं अशी समोरासमोर असतात. शेंगेच्या चवळीत एका देठाला तीन पानं येतात. चवळी आणि चवळई यांचा घोळ इथेच सुटतो. तीन पानं ती चवळी, सुटं एक पान ती चवळई.

दुसरी, पानाची कड. माठाच्या पानाची कड सरळ असते, दातेरी नसते. पान लांब देठाचं असतं आणि उलटं केलं की शिरा उठून दिसतात.

तिसरी, पानाचं टोक. टोकाला खाच आहे का ते पाहा. काही जातींत टोक असं आत गेलेलं असतं, जणू कोणी नखानं चिमटा काढलाय.

चौथी, पानाची बगल, म्हणजे पान देठाला जिथे चिकटतं तो सांधा. तिथे काटे आहेत का? फुलांचा गोळा आहे का?

पाचवी, तुरा आणि बी. फूल शेंड्याला आहे की बगलेत? बी काळं आहे की पांढरट?

देठाचा आणि पानाचा रंग मी मुद्दाम यात घेतला नाही. आपण सगळ्यात आधी रंगच पाहतो आणि तिथेच चुकतो. लाल माठ आणि हिरवा माठ बहुतेक वेळा एकाच जातीचे असतात, जसं एकाच घरात एक गोरी आणि एक सावळी. हा लाल रंग बीटच्या रंगाच्या जातीचा आहे. पाण्यात लगेच उतरतो, म्हणून तर तांबड्या भाजीचं पाणी गुलाबी होतं. दुसरीकडे, राजगिराही लाल असतो आणि काटेमाठाचा देठही तांबूस असतो. रंगावरून कूळ ठरत नाही.

आता एकेकाची ओळख

माठ. हाच तो ट्रायकलर. पानं मोठी आणि मऊ. फुलांचे छोटे गोळे पानांच्या बगलेत देठाला चिकटून येतात, शेंड्यालाही लहानसा तुरा येतो. बी बारीक, काळं, चकचकीत. फळ पिकलं की त्याचं वरचं टोपण डब्याच्या झाकणासारखं उघडतं आणि बी खाली पडतं. जून झाला की देठ अंगठ्याएवढा होतो. तो टाकू नका. वरची साल सोलून, तुकडे करून वालात किंवा आमटीत घाला. कोकणात देठासाठीच माठ मोठा होऊ देतात. बाजारात चवळई किंवा तांदुळजा म्हणून येणाऱ्या पुष्कळ जुड्या या माठाच्याच कोवळ्या रोपांच्या असतात.

बारीक पानाची, पसरट भाजी. हिचं शास्त्रीय नाव अमरँथस ब्लिटम. ही फार उंच वाढत नाही, जमिनीसरशी फांद्या टाकते. पानं लहान, टोकाला ठसठशीत खाच. कुठे हिला तांदुळजा म्हणतात, कुठे पोकळा. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं पुसा छोटी चौलाई आणि पुसा बडी चौलाई असे दोन वाण काढले. त्यातली छोटी ही ब्लिटमची आणि बडी माठाची. नावात फक्त लहान-मोठी, पण झाडं मुळात दोन वेगळ्या जातींची.

रानमाठ. शास्त्रीय नाव अमरँथस व्हिरिडिस, म्हणजे हिरवा. हा कोणी पेरत नाही. उकिरड्याकडेला, पडवीमागे, पिकात आपला आपण उगवतो. शेंड्याला बारीक, लांब, हिरवट तुरे येतात. याची बारीक फळं चिमटीत धरून पाहा, खरबरीत सुरकुतलेली लागतात आणि उघडत नाहीत. कोवळेपणी भाजी चवदार होते. याची जुडी विकायला आली की तीही तांदुळजा म्हणूनच खपते.

काटेमाठ. याची ओळख हातालाच पटते. पानाच्या बगलेत दोन-दोन टोकदार काटे. कोवळा असताना काटे मऊ असतात, तेव्हा शेंडे खुडून भाजी करतात. फक्त जून झाला की हात लावू नका. रोप वीतभर असताना तो साध्या माठासारखाच दिसतो, म्हणून बगलेवरून हलकेच बोट फिरवून पाहायचं. माझ्या पहिल्या आठवड्यात हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

राजगिरा. हा घराण्यातला थोरला. माणसाएवढा वाढतो आणि डोक्यावर भरदार तुरा घेऊन डुलतो. त्याचं मूळ अमेरिका खंडातलं. मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या मुलखात तो फार जुन्या काळापासून धान्य म्हणून पिकवत आले. धान्यासाठी लावतात त्या राजगिऱ्याचं बी पांढरट, फिक्या पिवळ्या रंगाचं असतं. तेच लाह्या करून लाडवात जातं. ते गवताच्या कुळातलं नाही, म्हणून गहू-ज्वारीसारखं धान्य धरत नाहीत आणि उपवासाला चालतं. कोवळेपणी पाला खुडून भाजी करायची आणि पुढे तुऱ्याचे दाणे घ्यायचे, असा दुहेरी उपयोग. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले कार्तिकी हा राजगिऱ्याचाच वाण. रोप लहान असताना राजगिरा आणि माठ वेगळे काढणं अवघड जातं. तेव्हा परसात एक झाड तुऱ्यावर येऊ द्या. बी काळं निघालं की पांढरट, ते पाहिलं म्हणजे शंका उरत नाही.

नातेवाईक आणि तोतये

कुर्डूची भाजी पावसाळ्यात आपण खातो. त्याचा रुपेरी गुलाबी तुरा सगळ्यांना ठाऊक आहे. कुंजराचे तुरे बारीक, गुलाबी असतात, पिकात तण म्हणून येतं, त्याचीही भाजी होते. चाकवताच्या कोवळ्या शेंड्यावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. हे सगळे आपलेच.

पण रानातून भाजी खुडताना एका तोतयापासून सांभाळा. धोतरा. धोतऱ्याची कोवळी रोपं रानभाजीच्या जुडीत चुकून येऊ शकतात. मोठ्या पानाची कड नागमोडी असते, पण अगदी लहान रोपाची सरळही दिसते, तेव्हा केवळ कडेवर विसंबू नका. पान चुरगळून वास घ्या. धोतऱ्याला उग्र, नकोसा वास येतो, माठाला साधा हिरवा वास. तसंच देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ते माठाचं घराणं नाही. शंका आली तर ते रोप टाकून द्या. पाव किलो भाजीसाठी जीव धोक्यात घालू नये. भाजी खाल्ल्यावर तोंडाला कोरड पडली, डोळ्यांची बुबुळं मोठी झाली, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि उरलेली भाजी किंवा पाला सोबत न्या.

दुसरा धोका झाडाचा नाही, माणसाचा. बांधावरचा तांदुळजा आपल्या आज्या बिनधास्त खुडायच्या. आता त्याच बांधावर तणनाशक मारतात. रानमाठ आणि काटेमाठ हे शेतकऱ्याच्या लेखी तण. फवारणी झालेल्या रानातला पाला वरून हिरवागार दिसेल, तरी खुडू नका. रान कोणाचं, फवारणी केव्हा झाली, हे विचारल्याशिवाय भाजी आणायची नाही. सांडपाण्याच्या गटारीकडेला वाढलेला पालाही नको.

खायचं कोणी, किती आणि कसं?

माठाची भाजी गरिबाघरची म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पण तिच्यात पालकाच्या दुपटीहून अधिक कॅल्शियम असतं. लोह असतं, अ जीवनसत्त्व देणारं कॅरोटीन असतं. उन्हाळ्यात पालक फुलावर जातो आणि कडवट होतो, तेव्हाही माठ टवटवीत उभा असतो, कारण त्याला ऊन मानवतं. पेरल्यापासून महिनाभरात भाजी हाती येते. लहान मुलं, गरोदर बाया, वयात येणाऱ्या मुली यांच्या ताटात ती हवीच.

लोह अंगी लागावं म्हणून भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहा लोह शोषू देत नाही. फोडणीला चमचाभर तेल असू द्या, कारण कॅरोटीन तेलाबरोबर चांगलं शोषलं जातं. चिरून मग धुऊ नका, आधी धुवा आणि मग चिरा. नाहीतर सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं.

आता माझ्या सासूबाईंची गोष्ट पुरी करते. माठाच्या सगळ्या घराण्यात आणि पालक, चाकवत, बीटच्या पाल्यात ऑक्झलेट नावाचा घटक भरपूर असतो. पुष्कळ मुतखडे कॅल्शियम आणि ऑक्झलेट मिळूनच बनतात. माठात कॅल्शियम खूप असलं तरी त्यातलं बरंचसं या ऑक्झलेटनं बांधलेलं असतं. निरोगी माणसाला यानं काही होत नाही. पण ज्याला खड्याचा त्रास आहे, त्यानं एकाचं नाव पथ्यात आलं की सगळ्या घराण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. भाजी उकडून पाणी ओतून दिलं तर ऑक्झलेटचा काही भाग निघून जातो. एरवी आपण पाणी टाकत नाही, पण अशा माणसासाठी टाकावं. आमच्या डॉक्टरांनी सासूबाईंना पाणी भरपूर प्यायला लावलं, मेथी, कोबी अशा भाज्या वाढवल्या आणि माठ कधीतरी, थोडा, उकडून, ताकाच्या जेवणात घ्यायला सांगितला. त्या तेवढ्यावर खूश होत्या.

आणखी एक. हृदयाच्या त्रासासाठी काही जणांना रक्त पातळ करण्याची गोळी असते. त्यातल्या काही गोळ्यांचं काम पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वानं कमी होतं. अशांनी भाजी एकदम वाढवू नये आणि एकदम बंदही करू नये. नेमानं सारखीच खावी आणि डॉक्टरांच्या कानावर घालावी. दवाखान्यात सांगताना "पालेभाजी खाते" एवढंच म्हणू नका. कोणती, ते सांगा. नाव जमलं नाही तर एक काडी पदरात बांधून न्या.

बी आणि नाव, दोन्ही जपा

शेवटची गोष्ट बियाण्याची. माठाचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये हजाराहून अधिक दाणे बसतात. पेरताना वाळूत किंवा राखेत मिसळून पेरा, म्हणजे एका जागी दाट पडत नाही. ज्याचं बी धरायचं, ती दोन-चार तजेलदार झाडं खुडू नका, तुऱ्यावर जाऊ द्या. या घराण्यात परागकण वाऱ्यावर उडतात. शेजारी शेजारी लाल आणि हिरवा माठ फुलला तर पुढच्या वर्षी सरमिसळ उगवते. म्हणून बियाण्यासाठी एका वेळी एकच प्रकार फुलू द्या, बाकीचे फुलण्याआधी खुडून खा. तुरा वाळू लागला की सकाळच्या वेळी कागदावर झटका, बी सावलीत सुकवा आणि कोरड्या बाटलीत भरा.

आणि बाटलीवर चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहा. तुमच्या घरी या भाजीला काय म्हणतात. बी कोणाकडून आलं. कोणत्या महिन्यात पेरलं. पानाला खाच आहे की नाही. बी काळं की पांढरट. एवढं लिहिलं की नाव आणि ओळख दोन्ही एका जागी राहतात. माझ्या सासूबाईंकडे एका चिंधीत बांधलेलं लाल देठाच्या पोकळ्याचं बी होतं, त्यांच्या माहेरचं. चिंधीवर काही लिहिलेलं नव्हतं, सगळं त्यांच्या डोक्यात. त्या गेल्यावर मी डबे उपसले तर तीन चिंध्या निघाल्या, तिन्हींत काळं बारीक बी. त्यातला त्यांचा पोकळा कोणता? तिन्ही पेरल्या आणि फुलं येईपर्यंत वाट पाहिली. दोन माठ निघाले, हिरव्या देठाचे. तिसऱ्या वाफ्यात जमिनीसरशी पसरलेली, पानाच्या टोकाला खाच असलेली लाल देठाची भाजी आली. त्या दिवशी ती भाजी मी लसणीच्या फोडणीवर केली आणि डोळे पुसत खाल्ली. आता त्या बाटलीवर चिठ्ठी आहे.

अशी माहिती नुसती आपल्या घरातच राहायला हवी असंही नाही. 2002 सालच्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावातल्या झाडा-पिकांची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तिच्यात स्थानिक नावं लिहायची असतात. ती नोंदवही कुठे आहे ते पंचायतीत जाऊन विचारा. त्यात भाज्यांची नावं कोणी सांगितली ते पाहा. परसातली भाजी बायकांना जितकी ठाऊक असते तितकी इतर कोणाला नसते. तेव्हा लिहिणारा आला की घरातल्या म्हातारीला पुढे बसवा आणि तिला बोलू द्या.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम. बाजारातून किंवा परसातून पालेभाजीची एक जुडी घ्या. आई, सासू, शेजारीण अशा तिघींना तिचं नाव विचारा. मग पान, कड, टोक, बगल आणि तुरा पाहा, आणि मला फोन करून दोन्ही सांगा, नाव आणि ओळख. पुढच्या वेळी आपण गावोगावची नावं एकत्र वाचू.

आणि हो, मी पुन्हा भाजी सांगताना नुसतं 'चवळी' म्हणाले, तर लगेच फोन करून विचारा, "ताई, एका पानाची की तीन पानांची?" नमस्कार.